हिवाळ्यातले अंगण आणि दारची पाखरे

नाताळ जवळ आला की शब्बाथशाळेच्या वर्गात एक चित्र हटकून निघते. बाहेर सगळीकडे बर्फ पडलेले, खिडकीच्या चौकटीवर तांबूस छातीचा एक इवलासा पक्षी, आणि आतून एक मुलगी त्याला पावाचा चुरा घालीत आहे. कधी ते जुन्या भेटकार्डावर असते, कधी परदेशी पुस्तकातून कापून भिंतीला लावलेले असते. चित्र गोड आहे, आणि ज्या देशात ते काढले गेले तेथे ते खरेही आहे. इंग्लंडसारख्या मुलखात डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा. जमीन गोठली की चोच खुपसता येत नाही, किडे दिसेनासे होतात, आणि खिडकीतल्या त्या चार घासांवर त्या बिचाऱ्या रॉबिनला सोळा तासांची रात्र काढायची असते.

आमची मुले मात्र इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथे वाढत आहेत. चित्र दाखवून झाले आणि "तुम्हीही घरी गेल्यावर पाखरांना पाव घाला" असे सांगितले की आज्ञाधारक मूल घरी जाऊन पाव घालते. एक कावळा येतो, मोठा तुकडा उचलून नेतो, उरलेल्याला मुंग्या लागतात, आई ओरडते, आणि तिथेच पाठ संपतो. ह्यात मुलाची चूक नाही. पाठ दुसऱ्या देशाच्या हवेचा आहे. आपल्या हिवाळ्याचा पाठ आपल्याच अंगणात बसून तयार करावा लागेल, आणि तो कसा करावा ह्याविषयी शिक्षक बंधुभगिनींशी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी आम्ही येथे थोडे बोलणार आहोत.

पहिली गोष्ट ही की आपल्याकडे हिवाळा हा पाखरांच्या उपासमारीचा काळ नव्हे. बाजरी व भात नुकतेच निघालेले असतात, खळ्यावर दाणा सांडलेला असतो. रब्बीची ज्वारी पोटरीतून बाहेर पडून निसवते, आणि डिसेंबर-जानेवारीत हुरडा येतो. त्या दिवसांत शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवीत असतो, डबा बडवीत असतो, तो पाखरांना हाकलण्यासाठीच. म्हणजे परदेशी चित्रातले पाखरू दारी याचना करते, आणि आमचे पाखरू त्याच महिन्यात धन्याच्या डोळ्यांदेखत कणसावर बसून जेवते. विदर्भ-मराठवाड्याच्या बाजूची कोणी आजी वर्गात आली तर तिला भोरड्यांविषयी विचारावे. मध्य आशियाकडून येणारे हे गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे पाहुणे थव्यांनी ज्वारीवर पडतात. पण तेच भोरडे नाकतोडे आणि टोळही फडशा पाडून खातात. शेतकऱ्याने त्यांना शिव्या द्याव्यात की आशीर्वाद, हा प्रश्न मोठ्या मुलांच्या वर्गात घालून पाहण्यासारखा आहे.

खरी ओढाताण पुढे होते. एप्रिल-मे मध्ये डबकी आटतात, शेते उघडी पडतात, आणि तेव्हा पाण्याची गरज दाण्याहून मोठी असते. तेव्हा "हिवाळा आला, पाखरे उपाशी आहेत" असे मुलांना सांगू नये. मुले हुशार असतात. दारातल्या आंब्यावर साळुंक्या मजेत भांडताना त्यांना दिसतात, आणि शिक्षक सांगतात ते खरे नसते असा एक धडा ती न शिकवता शिकतात.

ग्वाल्हेरकरांना येथे थोडा अपवाद करावा लागेल. तिकडे जानेवारीत पारा कित्येकदा चार-पाच अंशांवर येतो आणि डिसेंबरअखेरची रात्र सुमारे साडेतेरा तासांची असते. चिमणीचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम, आणि तिच्या अंगातली ऊब आपल्याहून चार अंशांनी अधिक. एवढ्याशा देहाने एवढी ऊब रात्रभर टिकवायची म्हणजे दिवसाउजेडी भरपेट खाऊन घ्यावे लागते. म्हणूनच थंडीत ती पिसे फुलवून चेंडूसारखी गोल होऊन बसते; पिसांमध्ये कोंडलेली हवा हीच तिची गोधडी. आणि म्हणूनच संध्याकाळी शेकडो चिमण्या एखाद्या दाट झुडपात शिरून एकच कलकलाट करतात व एकमेकींच्या आडोशाला रात्र काढतात. त्या घरांना आमची विनंती एवढीच आहे की मेंदीचे कुंपण किंवा बोगनवेल नाताळच्या साफसफाईत बुडापासून छाटू नये. छाटणी फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबली तर घराच्या शोभेत फार उणे येत नाही.

आता प्रश्न असा येईल की हिवाळ्यात पाखरे उपाशी नाहीत, तर दाणा घालायचाच कशाला? ह्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघराच्या इतिहासात आहे. पूर्वी पाखरांना दाणा "घालावा" लागत नसे. थंडीची कोवळी उन्हे अंगणात आली की घरातल्या बाया सुपे घेऊन बसत. वर्षाचे धान्य भरायचे दिवस. पाखडताना कोंडा, फोल, किडका दाणा पुढे उडे. तांदूळ निवडताना कण्या वेगळ्या निघत. जात्याभोवती पीठ-भरड सांडे. उडदाचे, मुगाचे, धन्यांचे वाळवण पसरलेले असे आणि त्याच्या राखणीला एखादे पोर बसवलेले असे, जे राखण कमी व खेळ अधिक करी. गोठ्यात पेंड सांडे, शेणात किडे होत. चिमणी ही ह्या सगळ्या घरकामाची वाटेकरी होती. कोणी तिच्यावर उपकार करीत नव्हते, कामाच्या ओघात तिचे पोट भरत होते. कोकणात दाराला भाताच्या लोंब्यांचे तोरण बांधीत आणि चिमण्या त्यातले दाणे टिपीत. गुजरातेत जुन्या वस्त्यांमधून पाखरांच्या दाण्यासाठी खांबावर उंच चबुतरे उभारलेले आहेत. पण मोठा वाटा सुपाचाच होता. शेत कापताना पडलेली कणसे मागे राहू द्यावीत, ती गरिबाची, असा जो नेम मोशेच्या शास्त्रात आहे आणि ज्याच्या आधारे रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, त्या नेमाशी ह्या सुपाचे नाते जोडून दाखवले तर मुलींच्या वर्गाला ते चटकन समजेल, असे आम्हाला वाटते.

आता पीठ पिशवीतून येते, तांदूळ निवडलेला येतो, अंगणाला फरशी बसली, आणि पुष्कळांना अंगणच उरले नाही, गॅलरी आहे. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी जो अहवाल निघाला त्यात चिमणी देशभर एकंदरीने टिकून आहे, पण मोठ्या शहरांमध्ये घटत आहे, असे दिसून आले. कोणी मोबाईलच्या मनोऱ्याला दोष देतात, कोणी कावळ्यांना. आमच्या मते त्याआधी आपण आपल्या घराकडे पाहावे. सांडलेला दाणा नाही, वळचण नाही, कौलांची फट नाही, किडे असलेली माती नाही. मग चिमणीने राहावे कशाच्या आधारावर?

ह्यातली किड्यांची बाब बहुतेक जण विसरतात. मोठी चिमणी दाणे खाते हे खरे, पण तिच्या पिलांना पहिल्या दिवसांत अळ्या व किडेच भरवावे लागतात. कोरड्या दाण्यावर पिल्लू वाढत नाही. तेव्हा एका हाताने बाजरी टाकायची आणि दुसऱ्या हाताने कुंड्यांवर विषारी फवारा मारायचा, ह्यात चिमणीचे काही भले नाही. जास्वंदीवर मावा दिसला तर साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाचा अर्क पुरतो. आणि वाळलेला पाला रोज झाडून जाळण्यापेक्षा एका कोपऱ्यात कुजू दिला तर त्यात जे जीव होतात ते कित्येकांचे अन्न असते.

हिवाळ्यात तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण ह्या ऋतूत आपल्या दारी असे पाहुणे येतात की जे आपले काहीच खात नाहीत. धोबी घ्या, ज्याला कोणी परीट म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमालयाकडून व त्याच्याही पलीकडून हा येतो. पांढरा-काळा किंवा करडा-पिवळा, सडपातळ, शेपटी सारखी खालीवर आपटणारा. जणू घाटावर कपडे आपटीत आहे. ओलसर जमिनीवर, शाळेच्या मैदानावर, प्रार्थनामंदिराच्या पटांगणात तो तुरुतुरु धावत किडे टिपतो. दुसरा थिरथिरा. काळपट अंग, विटकरी पोट, आणि शेपटी थंडीने कापावी तशी थरथरणारी, त्यावरून नाव पडले. माळव्यात व बडोद्याकडे तो जुन्या भिंतींवर, बांधकामाच्या विटांवर बसलेला दिसतो. ह्या दोघांपुढे तुम्ही उत्तम बाजरी ठेवा, ते तिकडे पाहणारही नाहीत. हजारो मैल उडून आलेल्या ह्या पाहुण्यांना आपल्याकडून हवी आहे ती केवळ विष न घातलेली जमीन. मुलांच्या मनावर हे ठसवावे. "मी दिले" असे म्हणता येत नाही तेव्हाही पाहुणचार होत असतो, हे लहानपणी कळलेले बरे.

जे आपले खातात त्यांचीही आवड एक नाही. चिमणी व होला दाणे खातात. होल्याला ते जमिनीवरच हवे असतात. बुलबुल दाण्याकडे फिरकत नाही, त्याला फळ पाहिजे. पपईची फोड किंवा पिकलेला पेरू झाडाच्या खुंटीला टोचून ठेवला तर लालबुड्या बुलबुल येतो, आणि नशीब असले तर तांबटही. पण तांबटाला खरी माया उंबर, वड, पिंपळ ह्यांच्या फळांची. मंडळीच्या आवारात जुना उंबर असेल आणि "फळांची घाण पडते" म्हणून तो तोडायचा विचार चालला असेल तर पंचांनी एक सकाळ त्याखाली उभे राहून किती पाखरे जेवून जातात ते मोजावे, मग ठराव करावा. साळुंकीला सर्व काही चालते. कावळ्यालाही. शिंजीर, तो लहानगा चमकदार सूर्यपक्षी, फुलांतला मध पितो. त्याच्यासाठी जास्वंद आणि हमेलियाचे झुडूप लावावे, साखरेच्या पाण्याच्या भानगडीत पडू नये.

आणि खारूताई. हिच्याविषयी एक गंमत. बेळगाव-गोव्याकडच्या खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात, ग्वाल्हेरच्या खारीच्या पाठीवर पाच. दोन वेगळ्या जातीच आहेत त्या. सुटीत मामाच्या गावी गेलेल्या मुलांना पट्टे मोजून यायला सांगावे. ती जितक्या उत्साहाने हे काम करतात तितक्या उत्साहाने पाठांतर करीत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

दाणा काय घालावा हे आता थोडक्यात. बाजरी, ज्वारी, राळे, तांदळाच्या कण्या. कच्चा तांदूळ पोटात फुगून पाखरे मरतात अशी एक समजूत पसरली आहे, ती खरी नाही. भाताच्या शेतावर जगणारी पाखरे दुसरे काय खातात? मीठ न घातलेला शिळा भात, भाकरीचा चुरा चालतो, मात्र त्या दिवशी संपेल इतकाच. पाव हा पोट भरतो पण पोसत नाही, म्हणून तो नेहमीचा नसावा. शेव, चिवडा, वेफर, बिस्किटे, आणि नाताळच्या फराळातले तळण मुळीच नको. मिठाचा निचरा करण्याची ताकद त्या इवल्या शरीरात नसते. मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचीवर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे मागे लागतात आणि प्रवासी हौसेने त्यांना शेव-गाठ्या उधळतात. मासे धरून जगणारा, परदेशातून आलेला पक्षी तेलकट शेवेवर झडप घालतो, आणि लोक त्याचा फोटो घेतात. ह्याला दान म्हणावे असे आम्हाला वाटत नाही. आपली करमणूक आहे ती.

बुरशी लागलेले धान्य टाकून देण्याऐवजी "पाखरांना घालू" म्हणणारी घरे पुष्कळ. बुरशीने पाखरांच्या छातीत रोग होतो व ती मरतात. जे आपल्या पानात चालणार नाही ते त्यांच्याही पानात नको. तसेच रोज त्याच जागी, त्याच न धुतलेल्या ताटलीत दाणा पडत राहिला तर विष्ठा व दाणा एक होतात आणि एका आजारी होल्याचा रोग सगळ्यांना लागतो. आठवड्यातून एकदा भांडे कढत पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे. जागाही अधूनमधून बदलावी. दाणा मूठभर, सकाळी. दुपारपर्यंत संपला नाही तर उद्या कमी. ढीग घातला की कबुतरे येतात.

कबुतरांविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे, कारण ह्या बाबतीत चांगल्या माणसांची मने दुखावतात. पाळीव वंशाची ही कबुतरे शहरात आयत्या दाण्यावर भरमसाट वाढतात, लहान पाखरांना दाण्याजवळ फिरकू देत नाहीत, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ श्वासाबरोबर जाऊन काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. २०२५च्या ऑगस्ट महिन्यात मुंबई महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढा गदारोळ उठला हे वाचकांच्या स्मरणात असेल. उच्च न्यायालयातही ते प्रकरण गाजले. दाणा घालणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती. शेजारच्या इमारतीतल्या दमेकऱ्याचा खोकलाही खोटा नव्हता. आपल्या गॅलरीतल्या दाण्याची घाण खालच्या मजल्यावरील म्हाताऱ्या बाईंच्या वाळवणावर पडत असेल तर त्या दाण्याचा हिशेब त्यांच्याकडूनही विचारून घ्यावा.

माकडांचे तसेच. हिवाळ्यात शब्बाथशाळेच्या सहली निघतात, बस घाटात थांबते, आणि मुले खिडकीतून केळी व वेफर फेकतात. माकडांना रस्त्याची सवय लागते. मग ती गाड्यांखाली सापडतात, नाहीतर पुढच्या सहलीतल्या पोराच्या हातातला डबा ओढताना त्याला ओरबाडतात. बस सुटण्यापूर्वीच शिक्षकांनी हे सांगून ठेवावे. घाटात पोहोचल्यावर कोणी ऐकत नाही.

पाण्याविषयी मात्र आम्ही कसलीही काटकसर सुचवणार नाही. कुंभाराकडून एक पसरट परळ आणावे. खोली दोन बोटांपेक्षा अधिक नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा म्हणजे पाखराला पाय टेकता येतो आणि मधमाशीही बुडत नाही. झुडपापासून चार-पाच हातांवर ठेवावे. फार जवळ ठेवले तर मांजर दबा धरते, फार उघड्यावर ठेवले तर पाखरू यायला भिते. थंडीतही पाखरे आंघोळ करतात, कारण मळलेली पिसे ऊब धरीत नाहीत. पाणी रोज बदलावे, आणि आठवड्यातून एकदा काथ्याने परळाच्या कडा घासाव्यात. डेंग्यूचा डास आपली अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटवतो आणि त्यातून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसते पाणी ओतून दिल्याने अंडी जात नाहीत.

ह्या ऋतूतल्या दोन घरगुती गोष्टींकडे विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण त्यांत पाखरांचा जीव प्रत्यक्ष जातो.

एक, नाताळची रंगसफेदी. घरातला फोटो, ट्यूबलाइटची पट्टी, वायुवीजनाचे भोक, प्रार्थनामंदिराच्या कौलांखालची वळचण, येथे चिमणीचे घरटे असते. गवत खाली पडते, कचरा होतो, आणि सफेदी करणारा कुंचा घेऊन उभा असतो. आपल्याकडे चिमणी वर्षात बहुतेक केव्हाही अंडी घालू शकते. तेव्हा आधी शिडीवर चढून पाहावे. रिकामे असले तर काढा. अंडी-पिल्ले असली तर तेवढा हातभर भाग चार आठवडे राहू द्यावा; अंडी उबायला बारा-तेरा दिवस व पिल्लू उडायला साधारण तितकेच लागतात. चौऱ्यांशीव्या स्तोत्राचा कर्ता देवाच्या वेदीजवळ घरटे मिळालेल्या चिमणीचा हेवा करतो. जेथे ते स्तोत्र वाचले जाते तेथेच झाडूने घरटे खाली ओढले जावे हे काही बरे दिसत नाही.

दुसरी गोष्ट पतंगाची. बडोद्याच्या मंडळींना हे सांगायला नको. चौदा जानेवारीला तेथे घरात कोणी सापडत नाही, सारे गच्चीवर. तीळगूळ आपल्या घरांतूनही वाटला जातो, उंधियुची पातेली शेजारून येतात, आणि आभाळ पतंगांनी भरते. त्याच आभाळातून पहाटे घरट्याबाहेर पडणारे व संध्याकाळी परतणारे बगळे, घारी, शराटी, कबुतरे काच लावलेल्या मांज्यात अडकतात. पंखाचे हाड तुटते, मान कापली जाते, आणि मांज्याचा तुकडा झाडावर राहिला तर महिन्यांनीही एखादे पाखरू त्याला उलटे लटकून मरते. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. गुजरात सरकार २०१७ पासून संक्रांतीच्या सुमारास १० ते २० जानेवारी करुणा अभियान चालवते आणि जखमी पाखरांसाठी दवाखान्यांची सोय करते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची "केवढे हे क्रौर्य" ही कविता आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत पाठ केली आहे. घायाळ पक्षिणीची ती कविता टिळकांनी लिहिली हे मुलांना ठाऊक नसते. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी ती वर्गात वाचावी, आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने साध्या सुती दोऱ्यानेच, भर दुपारीच पतंग उडवायचा आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतल्या झाडांवरचा दोरा काठीने काढून जाळून टाकायचा, एवढे ठरवून उठावे.

जखमी पाखरू सापडले तर काय करावे हेही शिकवून ठेवावे. दोरा ओढू नये, कात्रीने दोन्ही बाजूंनी कापावा. पाखरू मऊ फडक्यात धरून, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून वर झाकण घालावे. अंधारात ते शांत होते. तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जाते. हळद, तेल, बाम काही लावू नये. लगेच पशुवैद्याकडे न्यावे. गुजरातेत १९६२ ह्या क्रमांकावर जनावरांची रुग्णवाहिका येते.

जानेवारी ते एप्रिल हा पोपटांचा वीण करण्याचा काळ. झाडाच्या ढोलीतून पिल्ले काढून ती बाजारात चोरून विकली जातात आणि आपल्याही कित्येक घरांत एखादा मिठू पिंजऱ्यात असतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे हे बहुतेकांना माहीत नसते. चिमण्यांच्या बाजाराचा उल्लेख शुभवर्तमानांतही आहे. मत्तयात दोन चिमण्यांना एक नाणे, आणि लूकात पाच चिमण्यांना दोन. म्हणजे चार घेतल्यावर पाचवी फुकट, ज्या पाचवीला काही किंमतच नाही अशी. गरिबाच्या ताटात जाणारे ते पाखरू होते. तिचीही विसर पडत नाही, हे जे प्रभूने सांगितले, ते ह्या हिशेबानिशी सांगितले तर लहान मुलांनाही त्यातली धार समजते. गणित त्यांना येते.

मोठ्या मुलांना डॉ. सालिम अली ह्यांची गोष्ट सांगावी. मुंबईत वाढलेल्या ह्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती, असे त्याने घरी विचारले. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथले सचिव मिलार्ड साहेब रागावले नाहीत. त्यांनी कपाटे उघडून भरलेल्या पाखरांचा संग्रह त्या घाबरलेल्या पोराला दाखवला. त्या मुलाने पुढे आयुष्यभर पाखरेच पाहिली, आणि १९८५ साली आपले आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्या पडलेल्या चिमणीचेच नाव त्याला दिले. शिक्षकाने गोष्टीतल्या मिलार्ड साहेबांकडे अधिक लक्ष द्यावे असे आम्ही सुचवू. मूल मेलेले पाखरू हातात घेऊन आले असता आपण काय करतो, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते.

वर्गाचे काम म्हणून एक वही पुरे. पहिल्या रविवारी मुलांनी फक्त पाहायचे, घालायचे काही नाही. अंगणात, गच्चीवर, गॅलरीत जेथे असेल तेथे सकाळी पंधरा मिनिटे बसून कोण आले व काय खाल्ले ते लिहायचे. चित्रे काढली तरी चालतील, नावे चुकली तरी चालतील. मग परळ ठेवायचे. त्यानंतरच दाणा, आणि तोही वही पाहून: कोणाच्या दारी बुलबुल येत असेल त्याने फळ, चिमण्या असतील त्याने कण्या, केवळ कबुतरे असतील त्याने काही नाही, पाणी तेवढे. फेब्रुवारीत चार दिवस अंगणातल्या पाखरांची जगभर मोजणी होते आणि २०१३ पासून आपला देशही तीत भाग घेतो. ज्यांच्या घरी मोबाईल आहे त्यांनी आपले आकडे तेथे पाठवावेत. एका मंडळीच्या पंचवीस मुलांची पंधरा-पंधरा मिनिटे मिळून बरीच माहिती होते, आणि शास्त्रज्ञांना तिचा उपयोग असतो.

मार्चअखेर धोबी निघून जाईल. तो शेवटचा कोणत्या दिवशी दिसला, ती तारीख वहीत लिहून ठेवावी; पुढच्या वर्षी तो केव्हा येतो त्याशी ती ताडता येईल. त्याच सुमारास परळ उन्हातून उचलून सावलीत ठेवावे आणि दिवसातून दोनदा भरावे. उन्हाळ्यात त्यावर किती गर्दी होते ते पाहण्यासाठी वहीत चार कोरी पाने राखून ठेवायला मुलांना आताच सांगावे.